डुलणारा पाया

कोयना धरणाला 1967 च्या भूकंपात तडे गेले ते पायाशी नाहीत, वर मानेपाशी. 103 मीटर उंचीच्या त्या भिंतीचा पाण्याच्या उलट बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, तिथे आडव्या भेगा पडल्या. धरण कातळावर घट्ट बसवलेलं होतं. खालून आलेला हादरा पायाशी मुरला नाही, वर चढत गेला आणि भिंतीची जाडी जिथे झपकन कमी होते तिथे त्याने वाट काढली. डिझाइन करताना वजनाच्या पाच टक्के आडवा जोर धरला होता. धरणातल्याच यंत्राने त्या पहाटे जी नोंद केली ती भिंतीच्या लांबीच्या दिशेने 0.63 जी, भिंतीच्या जाडीच्या दिशेने 0.49 जी, उभ्या दिशेने 0.34 जी; 1 जी म्हणजे वजनाइतका जोर. एवढं सोसूनही धरण उभं राहिलं. पुढे त्याला मागून आधार देऊन मजबूत केलं.

कातळावरच्या पुलाच्या पायाला भूकंपात थोडं डुलू द्यावं, असं माझं म्हणणं आहे. धरणाने मात्र डुलावं असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पाणी अडवून धरणाऱ्या भिंतीने जागचं हलायचं नसतं. पण त्या भेगांचं चित्र मी कॉलेजात पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की आहे. हादरा नाहीसा होत नाही. एक जागा पक्की केली की तो पुढची कच्ची जागा शोधतो. त्याला कुठे जागा द्यायची हे आपण ठरवलं नाही, तर तो स्वतः ठरवतो.

मी मूळचा पाटण तालुक्यातला. भूकंप माझ्या जन्माआधीचा, पण आमच्या घरात काळाची मोजदाद त्याच्यावरून व्हायची. अमक्याचं लग्न भूकंपाआधीचं, तमकी विहीर भूकंपानंतरची. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. 6.3 चा भूकंप. सुमारे 180 माणसं गेली, दगडमातीची घरं झोपलेल्यांच्या अंगावर आली. आमच्याकडची माणसं त्या थंडीत कितीतरी दिवस खळ्यात झोपली. त्यानंतर आजपर्यंत कोयनेच्या खोऱ्यात पाचच्या वरचे वीसहून अधिक धक्के झाले आणि लहान तर सतत होत असतात. भांडी वाजली की आत्या स्वयंपाकघरातूनच सांगायची, ‘झाला गं’, आणि हातातली भाकरी थापत राहायची.

आता मी सांगलीत पुलांची डिझाइनं करतो. लहान-मध्यम पूल, ओढ्यांवरचे, कृष्णा-वारणा-कोयनेच्या खोऱ्यातले. त्यातल्या बऱ्याच पुलांना आपल्याकडे ज्याला ओपन फाउंडेशन म्हणतात ते उथळ पायेच असतात. खोदत जायचं, मुरूम संपून कातळ लागला की थांबायचं, पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट टाकायचं, वर सळईच्या काँक्रीटचं पसरट फुटिंग, त्यावर पिअर, म्हणजे पुलाचा खांब. पाटणकडच्या एका साइटवर आमचे मिस्त्री कातळावर पहार आपटून म्हणाले होते, ‘साहेब, ह्यो कातुळ हाय. हितं आता काय बी हलायचं न्हाई.’ त्यांचा आनंद मला समजतो. कातळ लागल्याचा तो ठण्ण आवाज ऐकला की माझाही जीव भांड्यात पडतो. पण त्या एका वाक्यात, काही हलायचं नाही या इच्छेत, आम्हा डिझाइनवाल्यांचीही एक जुनी सवय दडलेली आहे. शंका आली की फुटिंग वाढवा. सहाचं नऊ मीटर करा. पाया जेवढा मोठा तेवढा पूल सुरक्षित.

भूकंपाच्या बाबतीत हे नेहमी खरं नसतं, आणि का नसतं हे मला सविस्तर सांगायचं आहे.

लोखंडी कपाटाला वरच्या बाजूने हळूच ढकलून पाहा. एका मर्यादेपर्यंत काहीच होत नाही. मग अलीकडची कड फरशीवरून उचलली जाते, कपाट पलीकडच्या कडेवर कलतं, हात काढला की पुन्हा धप्पकन जागेवर बसतं. त्याला जागेवर आणायला स्प्रिंग लागत नाही, त्याचं स्वतःचं वजनच ते काम करतं. उथळ पायाचा पिअर जोराच्या भूकंपात हेच करू शकतो, जर आपण त्याला करू दिलं तर.

आता आकडे घालू. समजा एका पिअरवर गर्डर (पुलाच्या आडव्या तुळया), स्लॅब धरून एकूण 500 टन वजन आहे. फुटिंग 6 बाय 6 मीटर, चौकोनी. वजनाचा मध्य तळापासून 10 मीटर वर. खालची जमीन अजिबात न दबणारी असती तर पिअर अगदी कडेच्या रेषेवर तोलला गेला असता. मध्यापासून कड 3 मीटर, म्हणजे त्याला उलटवू पाहणाऱ्या मोमेंटला (जोर गुणिले अंतर) उत्तर 500 गुणिले 3, दीड हजार टन-मीटर. पण खरी जमीन दबते. सगळं वजन पेलायला कडेची निदान एक पट्टी टेकलेली राहावी लागते. जमीन बरी असेल आणि तळाचा एक पंचमांश भाग पुरत असेल, तर ती पट्टी 1.2 मीटरची, तिचा मध्य कडेपासून 0.6 मीटर आत. हात, म्हणजे मध्यापासून त्या आधारापर्यंतचं अंतर, उरला 2.4 मीटरचा. 500 गुणिले 2.4, म्हणजे 1200 टन-मीटर. मध्य 10 मीटरवर असल्यामुळे तेवढ्यासाठी वर 120 टनांचा आडवा जोर लागतो, वजनाच्या चोवीस टक्के. त्यापुढे जमीन कितीही जोरात हलो, पिअरच्या बुडाशी साधारण या 1200 च्या वर मोमेंट पोचतच नाही, कारण तोवर फुटिंगची एक कड उचललेली असते. उभा हादरा वजन क्षणभर कमीजास्त करतो, त्यामुळे हा आकडा थोडा खालीवर होतो. मुद्दा बदलत नाही.

हेच फुटिंग 9 बाय 9 केलं तर? तीच जमीन, तेवढीच टेकणारी जागा, पण आता पट्टी 0.8 मीटरची आणि हात 4.1 मीटरचा. मोमेंट दोन हजारांच्या वर. म्हणजे पाया हलणार नाही, पण पिअरच्या बुडाशी दोन हजार टन-मीटर झेलण्याएवढी सळई आणि काँक्रीट आहे का, हे आता बघावं लागेल. नसेल तर पिअर मोडेल आणि आपला तो भक्कम पाया खाली जसाच्या तसा राहील. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात जपानच्या कोबे शहरात हानशिन महामार्गाचा 635 मीटरचा उन्नत भाग एका अंगावर आडवा झाला, त्याची छायाचित्रं अनेकांनी पाहिली असतील. तिथे काँक्रीटचे खांब मधूनच मोडले. उभ्या सळया जिथे वरच्या वर तोडून थांबवल्या होत्या, त्या जागी.

या गणितातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. वरच्या हिशेबात मी जमीन बरी धरली होती. ती दुप्पट चांगली निघाली तर? मग टेकायला तळाचा दहावा हिस्साच पुरेल, पट्टी 0.6 मीटर, हात 2.7 मीटर, मोमेंट 1350. जमीन दुप्पट मजबूत निघाली आणि उत्तर फक्त आठव्या हिश्शाने बदललं! मातीचा अंदाज ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी अनिश्चितता. एका बोअरमध्ये एक निघतं, दहा फुटांवरच्या दुसऱ्या बोअरमध्ये दुसरंच. पण जमीन मुळात चांगली असेल तर डुलणाऱ्या पायाची ताकद मातीपेक्षा पुलाच्या वजनावर आणि फुटिंगच्या रुंदीवर ठरते, आणि या दोन्ही गोष्टी आपल्याला टेपने मोजता येतात. इतका विश्वासाचा आकडा आमच्या हाती फार क्वचित लागतो.

मग प्रश्न येतो, डुलता डुलता उलटला तर? इथे 1960 च्या मे महिन्यात चिलीत झालेल्या महाभूकंपाकडे जावं लागतं. तिथे पाण्याच्या काही उंच टाक्या, बारीक खांबावर मोठं डोकं असलेल्या, बघणाऱ्याला आता पडतील अशा वाटणाऱ्या, तगून राहिल्या. त्यांच्यापेक्षा भक्कम दिसणारी बांधकामं मात्र मोडली. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेचे जॉर्ज हाउसनर यांनी या कोड्यावर 1963 मध्ये एक निबंध लिहिला, आणि डुलणाऱ्या बांधकामांचा आजचा सगळा अभ्यास तिथून सुरू होतो. कड उचलायला वजनाच्या किती पट जोर लागतो हे फक्त रुंदी-उंचीच्या प्रमाणावर ठरतं. पण कड उचलणं वेगळं आणि उलटणं वेगळं. उलटवायचं तर वजनाचा मध्य त्या कडेच्या पलीकडे न्यावा लागतो, आणि त्यासाठी जोर नुसता असून भागत नाही, तो एकाच दिशेने पुरेसा वेळ टिकावा लागतो. भूकंपाचा जोर तर क्षणाक्षणाला दिशा बदलतो. म्हणून हाउसनरांनी दाखवलं की एकाच आकाराच्या दोन ठोकळ्यांत मोठा ठोकळा उलटायला जास्त अवघड. प्रमाण तेच, पण त्याला कलायला वेळ जास्त लागतो. देवळापुढच्या उंच दगडी दीपमाळेकडे मी आता या नजरेने बघतो. कोयनेची 1967 ची नोंदही जोराने मोठी पण झटक्यांनी आखूड आहे, भराभर दिशा बदलणारी. अशा हादऱ्यात दहा-बारा मीटरचा पिअर कड उचलेल, उलटण्याइतकी सवड त्याला मिळायची नाही. दूरच्या मोठ्या भूकंपाची सावकाश लाट मात्र वेगळी, तिचा हिशेब वेगळा करावा लागतो.

पण पिअर हा हवेतला ठोकळा नाही, तो मातीवर टेकलेला आहे, आणि माती जिवंत असल्यासारखी वागते. फुटिंग एका बाजूला कललं की त्या कडेखालची माती चेपते. दुसऱ्या बाजूला कललं की तिकडची. काही हेलकाव्यांनंतर फुटिंगखालची जमीन सपाट राहत नाही, मध्ये फुगीर आणि कडांना उतरती होते. प्रत्येक चेपण्यात भूकंपाची थोडी ऊर्जा खर्ची पडते. पिअरच्या सळया ताणून, काँक्रीट फोडून जी ऊर्जा जिरवायची, ती इथे माती दाबण्यात जिरते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात ब्रूस कटर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे वर्षानुवर्षं मोजलं. त्यांच्याकडे सुमारे नऊ मीटर त्रिज्येचं एक सेंट्रिफ्यूज आहे. मातीचा स्वभाव तिच्यावरच्या दाबाने ठरतो, त्यामुळे लहान पेटीतल्या मातीवर केलेला प्रयोग खऱ्या पायाबद्दल काही सांगत नाही. ती पेटी गरगर फिरवून गुरुत्वाकर्षण पन्नास पट केलं, की वीतभर मॉडेलच्या खालची माती खऱ्या पुलाखालच्या मातीसारखी वागू लागते. मग पेटीला भूकंपाचे हादरे द्यायचे.

त्यातून निघालेली मोजपट्टी साधी आहे. वजन पेलायला निदान किती जागा टेकावी लागते आणि तुमच्याकडे किती आहे. माझ्या उदाहरणात हे प्रमाण पाच. ते दहाच्या घरात असलं तर डुलूनही पाया जमिनीत जवळजवळ बुडत नाही, हेलकावा संपला की सरळ उभा राहतो. दोन-तीन असलं तर उचलायच्या ऐवजी तो रुततो, आणि एका अंगाला रुतलेला पिअर परत सरळ होत नाही. ग्रीसमध्ये गझेटास आणि अनास्तासोपुलोस या संशोधकांनी याच वाटेने जाऊन एक धाडसी मांडणी केली. मातीला तिच्या ताकदीच्या टोकाला जाऊ द्या आणि तिलाच वरच्या बांधकामाची रक्षक करा. आम्हाला शिकवलं गेलं त्याच्या हे अगदी उलट आहे. पायाखालची जमीन कधीच निकामी होऊ द्यायची नाही, हा आमचा पहिला धडा.

हे सगळं कागदावरच आहे असंही नाही. न्यूझीलंडमध्ये दक्षिण रांगितिकेई नदीवरचा रेल्वे पूल 1981 पासून वापरात आहे. पुलाची उंची 78 मीटर, पिअर जोडपायांचे. जोराच्या भूकंपात त्यांचा एकेक पाय 13 सेंटिमीटरपर्यंत उचलला जाऊ शकतो, आणि ऊर्जा जिरवायला बुडाशी पिळल्या जाणाऱ्या पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत. तिथे पाय मातीवर नाही, पाइलच्या, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांच्या, टोपीवर टेकतो. ग्रीसमधला रिओ-अँटिरिओ पूल, 2004 मध्ये खुला झालेला, आणखी पुढे जातो. समुद्र 65 मीटर खोल, तळाशी मऊ गाळ, कातळाचा पत्ता नाही. तिथे गाळात पोलादी नळ्या ठोकून तो घट्ट केला, वर खडीचा थर पसरला, आणि 90 मीटर व्यासाचे पाये त्या खडीवर नुसते ठेवले. नळ्यांना आणि पायाला जोडणारं काही नाही. फार मोठा भूकंप आला तर पाया खडीवर थोडा सरकेल, हे आधीच ठरवलेलं आहे. नुसते ठेवले हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ त्या आकृतीपुढे बसून होतो.

आता आपल्या नदीकाठी येऊ. कोयनेच्या खोऱ्यात गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा काळ्या पाषाणाचा थर सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड निघाला. एवढा कातळ खाली असूनही फुटिंगला कर्तव्य असतं ते वरच्या काही मीटरशीच. पाटणच्या बाजूला तिथे मुरूम आणि लगेच पाषाण. हे डुलण्याला उत्तम. कराडला प्रीतिसंगमापाशी कोयना कृष्णेला मिळते आणि तिथून खाली नदी रुंदावते, गाळ साचत जातो. सांगली-मिरजेकडे काळी चिकण माती किती खोल जाते हे इथल्या कुठल्याही बांधकामवाल्याला विचारा. या मातीवर मी पायाला डुलू देणार नाही, आणि कुणी द्यायला निघाला तर त्याला थांबवेन. तिथे वेल (विहिरीसारखा खोल पाया) किंवा पाइलच हवं. पाण्याने भरलेल्या सैल वाळूत तर प्रश्नच नाही. 1964 मध्ये जपानच्या निगाता शहरात अशी वाळू भूकंपात पातळ झाली, इमारती अख्ख्याच्या अख्ख्या कलल्या आणि नवा कोरा शोवा पूल नदीत पडला.

कृष्णेचा दुसरा स्वभाव पुराचा. सांगलीतला 1929 चा आयर्विन पूल हा आमच्यासाठी पुलापेक्षा मोजपट्टी जास्त आहे. पावसाळ्यात सगळं शहर ‘आयर्विनला किती फूट’ एवढंच विचारत असतं. धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. असं पाणी पायाजवळचा गाळ, वाळू, मुरूम खरवडून नेतं. उथळ पायाचा खरा शत्रू भूकंपाहून आधी हा. यात एक फसवी गोष्ट आहे. पूर ओसरताना नदी ते खड्डे परत भरते, पण सैल गाळाने. दिवाळीनंतर जाऊन बघितलं तर फुटिंग छान पुरलेलं दिसतं. प्रत्यक्षात त्या भरावाला आधार देण्याची ताकद नसते. आणि 1967 चा भूकंप डिसेंबरात झाला होता, पूर ओसरून गेल्यानंतर. म्हणून डुलणाऱ्या पायाचा विचार करायचा तो फक्त न खरवडणाऱ्या कातळावर, किंवा कातळात थोडा उतरवलेल्या पायाचा. आपली पुलांची संहिता, आयआरसी 78, मातीवरच्या पायाचा तळ उचलला जाऊ देत नाही आणि कातळावर मर्यादित सूट देते. मला ती सीमारेषा आपल्या नद्यांसाठी बहुतांशी शहाणपणाची वाटते.

उरते वरची बाजू, आणि माझी खरी काळजी तिथे आहे. पिअर शंभरात एक एवढा कलला तर 6 मीटरच्या फुटिंगची एक कड 6 सेंटिमीटर उचलली जाते आणि 10 मीटरवरचा माथा 10 सेंटिमीटर सरकतो. आपल्याकडचे बहुतेक पूल सुट्या गाळ्यांचे, म्हणजे दोन पिअरमधला प्रत्येक भाग वेगळा, गर्डर दोन टोकांना बेअरिंगवर ठेवलेले. दोन गाळ्यांमधली एक्स्पान्शन जॉइंटची फट चार-दोन सेंटिमीटरची. म्हणजे गर्डर एकमेकांवर आपटणार, आणि पिअरच्या माथ्यावर बैठक अरुंद असेल तर गाळा खालीच येणार. पायाने पिअर वाचवला आणि स्लॅब नदीत गेला, तर त्याचा कुणाला उपयोग? म्हणून पायाला डुलू द्यायचं तर बैठक रुंद, अडवणारे स्टॉपर, फटीचा नवा हिशेब, हे सगळं एकत्रच आलं पाहिजे. यातलं एकही काम खर्चाचं नाही. बैठक अर्धा मीटर वाढवायला लागणारं काँक्रीट फुटिंग सहाचं नऊ मीटर करायला लागतं त्याच्या तुलनेत किरकोळ आहे.

मला मनापासून वाटतं की याची सुरुवात पाटण तालुक्यात व्हावी. प्रयोगशाळेत हादरे तयार करावे लागतात, इथे ते आपोआप येतात. कातळावर उथळ पाया असलेला एखादा चालू पूल निवडावा. फुटिंगवर, पिअरच्या बुडाशी आणि माथ्यावर कंपन मोजणारी यंत्रं बसवावीत. लहान धक्क्यात कड उचलली जाणार नाही, पण पाया जमिनीसकट किती लवतो, पिअर एका हेलकाव्याला किती वेळ घेतो, हे कळेल. हाच वेळ पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजला तर पायाजवळचं किती खरवडलं गेलं याचाही अंदाज येतो, कारण आधार कमी झालेला पिअर सावकाश हलतो. एका यंत्रणेत भूकंप आणि पूर दोन्हींची चौकशी होईल. त्यासाठी पूल बंद ठेवावा लागत नाही की गर्डरला हात लावावा लागत नाही. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती आल्या की कातळावरच्या पुढच्या पुलाचं फुटिंग नऊ मीटरचं करायचं की सहाचं, यावर आपल्याच मातीतल्या आकड्यांनी बोलता येईल. ते गणित करायला मी तयार आहे, आणि माझ्याबरोबर शिकलेले निदान चार-पाच जण सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत आहेत, जे एका फोनवर येतील.